पोत्याच्या काट्यावरची सून

बेकरीवाल्यांच्या सुनेशी पहिल्यांदा हात मिळवणारा माणूस दुसऱ्यांदा नुसता नमस्कार करायचा. रोज चाळीस किलो मैदा ती हाताने मळायची. मळायचं यंत्र घरात होतं, नाही असं नाही, पण सासरे त्याच्यावर बारदान टाकून त्यावर बिस्किटांचे डबे ठेवायचे. “यंत्राला पावाबद्दल काय वाटतं?” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सून मळायची, आणि मळता मळता तिची मनगटं अशी झाली की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही बसेना. नवरा म्हणायचा, “तुला भिंतीवरचं घड्याळ आणून देतो.”

देव कुणाला काय देऊन पाठवतो ते त्यालाच माहीत. कुणाला गळा देतो, कुणाला रूप देतो. हिला त्याने ठोसा दिला होता, आणि तो आहे हे सांगायला पावाची फेरी निमित्त झाली.

नवरा व्हॅनमधून लांबच्या दुकानांना माल टाकायचा, आणि जवळच्या गल्ल्यांत ती स्वतः ट्रे घेऊन फिरायची. टायरच्या दुकानावरच्या माडीवर बॉक्सिंगची जिम होती. तिथे रोज दोन डझन पाव लागत. जिम चालवणारे मास्तर कधीकाळी स्वतः रिंगमध्ये उतरलेले. त्याचा पुरावा म्हणजे त्यांचं नाक, ते चेहऱ्यावर जरा वाकडी वाट करून खाली यायचं. एके सकाळी ठोशांच्या सरावाची टांगती पिशवी धरणारा गडी आला नव्हता, म्हणून मास्तर पावाचे पैसे शोधता शोधता तिला म्हणाले, “जरा ती पिशवी धर गं, पोराचा सराव थांबलाय.”

तिने ट्रे खाली ठेवला आणि पिशवीला खांदा लावला. समोरचा उंचापुरा गडी ठोसे मारायला लागला. धाड, धाड, धाड. पिशवी तसूभर हलेना. मास्तरांनी पिशवीकडे पाहिलं, मग गड्याकडे, आणि मग तिच्याकडे.

“पोरी, तू खातेस काय?”

“कालचा पाव,” ती म्हणाली. “आजचा विकायचा असतो.”

तिथून सुरुवात झाली. पावाची फेरी संपली की तासभर जिम, असं चार वर्षं चाललं. हौशी स्पर्धांत तिच्या अकरा लढती झाल्या, आठ जिंकल्या. घरी पहिले सहा महिने कुणाला पत्ता नव्हता. मग एक दिवस डोळा काळानिळा घेऊन आली आणि सासूबाईंना म्हणाली, “भट्टीचं दार लागलं.”

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “भट्टीचं दार उजवीकडे उघडतं, डोळा डावा सुजलाय. खरं काय ते सांग, मग बर्फ देते.”

खरं सांगितलं. बर्फ मिळाला. सासूबाईंचा दिवस देवापुढे बसल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. लढतीच्या दिवशी त्या जास्त वेळ बसायच्या आणि शेवटी मोठ्याने म्हणायच्या, “हिला यश दे, आणि त्या दुसऱ्या पोरीलाही फार लागू देऊ नकोस, तिच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल.” सून म्हणायची, “आई, दोन्हीकडून मागितलंत तर देव गोंधळेल.” त्यावर उत्तर ठरलेलं: “त्याला जमतं. तू तुझी हनुवटी सांभाळ.”

मास्तरांनी जेव्हा सांगितलं की हौस पुरे, आता व्यावसायिक लढतीत उतर, तेव्हा मात्र गोष्ट सासऱ्यांपर्यंत न्यावी लागली. व्यावसायिक म्हणजे डोक्याला शिरस्त्राण नाही, ग्लोव्ह्ज पातळ, करारावर सही, आणि सराव एका तासाचा तीन तासांवर. म्हणजे पहाटेच्या मळणीला हात कमी.

सासरे देवभोळे नव्हते, देवाला भिणारे होते. हा फरक त्यांच्या धंद्यात दिसायचा. पावाचा चुरा आणि टोस्ट पोत्याने खानावळींना जायचे. ती पोती मागच्या खोलीतल्या जुन्या लोखंडी काट्यावर भरली जायची, आणि तिथलं पोतं कधी कमी भरलं अशी तक्रार कुणी ऐकली नव्हती. “वर गेल्यावर तिथला काटा चुकत नाही,” असं ते प्रत्येक पोतं शिवताना म्हणायचे. मैद्याच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सूनबाई, एक वर्ष देतो,” ते म्हणाले. “वर्षात एक लढत झाली, खरी, करारवाली, तर पुढचं बोलू. नाही झाली तर हे खूळ खुंटीला. पहाटेची मळणी तुझी, आणि त्यावर पुन्हा चर्चा नाही.”

“जिंकायचीच का, बाबा?”

“जिंकणं देवाच्या हातात. व्हायला तरी पाहिजे.”

एक लढत व्हायची, यात अवघड ते काय, असं तिला वाटलं. पण पहिली ठरलेली लढत मोडली, कारण समोरच्या मुलीचं लग्न ठरलं. दुसरी मोडली, कारण हॉलचं छत गळायला लागलं. तिसरीला समोरची मुलगी आली, वजन भरलं, सगळं झालं, आणि हात हलवत पायऱ्या उतरताना तिचा पाय मुरगळला. बघता बघता साडेनऊ महिने गेले. सासऱ्यांनी मळणीच्या टेबलासमोर रबराची नवी चटई आणून टाकली, तिचे पाय दुखू नयेत म्हणून. ती चटई बघून तिला धडकी भरायची.

आणि मग वर्ष संपायच्या एक आठवडा आधीची तारीख मिळाली. निळ्या बुटांची एक मुलगी, चार फेऱ्या, वजन जास्तीत जास्त सत्तावन्न किलो. ठरलं तेव्हा हातात दोन महिने होते आणि सुनेचं वजन साठ.

बेकरीत राहून पाव सोडणं काय असतं ते तिलाच माहीत. भट्टीतून पहिला ट्रे बाहेर आला की ती नाकाला फडकं बांधायची. गिऱ्हाइकाने पाव हातात घेऊन दाबून पाहिला की ही पाठ फिरवायची. एकदा झोपेत तिने उशीचा कोपरा चावला. नवऱ्याने सकाळी विचारलं, “भाजली होती का नीट?”

जिममधल्या वजनकाट्याची काच एका जाडजूड गड्याने उडी मारून फोडली होती. मास्तर म्हणाले, “तुमच्याकडे पोत्याचा काटा आहे ना? मग झालं तर. त्याच्यासारखा खरा काटा या गावात नाही.” तेव्हापासून ती रोज सकाळी मागच्या खोलीत जाऊन त्या काट्यावर उभी राहायची. सासरे चष्मा लावून दांडीवरचं माप सरकवायचे, दांडी मधोमध थांबली की आकडा मोठ्याने वाचायचे आणि खडूने भिंतीवर लिहायचे. साठ. साडेएकोणसाठ. अठ्ठावन्न. वजन तपासायच्या दिवशी सकाळी भिंतीवर लिहिलं: सत्तावन्न. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. मास्तरांना फोन गेला. सुनेने व्हॅनच्या टपावर हात आपटून असा ताल धरला की समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात आला.

लढत दुसऱ्या दिवशी दुपारी होती, वजन आदल्या दिवशी बाराला. व्हॅनमध्ये पुढे नवरा आणि सासरे, मागे रिकाम्या ट्रेंच्या मध्ये ती आणि मास्तर. सासरे कधी नव्हे ते स्वतःहून निघाले होते. “कराराचं काम आहे, घरातलं मोठं माणूस हवं,” म्हणाले. व्हॅनला पावाचा वास होता, त्याला इलाज नव्हता.

कार्यालयात इलेक्ट्रॉनिक काटा मांडला होता, आणि त्याच्यापाशी संघटनेच्या एक बाई गळ्यात चष्म्याची साखळी घालून बसल्या होत्या. निळ्या बुटांची मुलगी आधी चढली: छप्पन किलो सहाशे. मग ही चढली, हसत हसत.

काट्यावर आकडा आला अठ्ठावन्न किलो दोनशे.

“उतरा, पुन्हा चढा,” बाई म्हणाल्या.

उतरली, चढली. अठ्ठावन्न दोनशे.

“तुमचा काटा बिघडलाय,” मास्तर म्हणाले.

बाईंनी कपाटातून दहा किलोचं तपासणीचं वजन काढून काट्यावर ठेवलं. बरोबर दहा. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. “नियमाप्रमाणे दोन तास मिळतील. दोन वाजून दहा मिनिटांनी मी पुन्हा वजन घेईन. तेव्हा भरलं नाही तर लढत रद्द, आणि नाव वर्षभर यादीच्या बाहेर.”

सुनेच्या डोळ्यांसमोर ती रबराची चटई उभी राहिली.

“पण सकाळी सत्तावन्न होतं!” ती म्हणाली. “बाबांनी स्वतः वाचलं! एक किलो दोनशे कुठून आलं माझ्यात?”

सासरे मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांचा चेहरा बिनपिठाचाच पांढरा झाला. “ते तुझ्यात नाही आलं, सूनबाई,” ते म्हणाले. “ते काट्यात आहे.”

सगळे त्यांच्याकडे वळले.

“माझ्या वडिलांनी दांडीला शिशाचा एक तुकडा अडकवून ठेवलाय. चिंचोक्याएवढा. त्याच्यामुळे काटा एक किलो दोनशे ग्रॅम कमी दाखवतो. पोतं घेणाऱ्याला तेवढं जास्त जावं म्हणून. मला म्हणाले होते, गिऱ्हाइकाला चुकूनही कमी जायला नको आणि कुणाला सांगायचंही नाही, सांगितलं की ते दान राहत नाही. मी सांगितलं नाही.” मग म्हणाले, “माणूस उभं राहील त्यावर, हे मनातच आलं नाही. आकडा वाचताना मला आपलं पोतंच दिसायचं.”

“पोत्यामागे सव्वा किलो?” नवऱ्याचे डोळे मोठे झाले. “बाबा, इतकी वर्षं?”

“तू हिशेब करत बसू नकोस, गाडी काढ!”

आणि सुनेला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग ती गुडघ्यांवर हात ठेवून हसायला लागली. वर्षभराची भीती, दोन महिन्यांची उपासमार, आणि शेवटी घरचा सगळ्यात सच्चा माणूसच नडला! मास्तर ओरडले, “हस, हस! हसण्यानेही घाम येतो! पण गाडीत बसून हस!”

बेकरी दहा मिनिटांवर होती. नवऱ्याने सातात गाठली. गाडीतच मास्तरांनी बेत सांगितला: जगात घाम काढायला लोक गरम खोल्या भाड्याने घेतात, आपल्याकडे भट्टी आहे.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. “झालं का ग—” एवढंच त्या म्हणाल्या, तोवर सून त्यांच्या बाजूने आत पळाली, मागून मास्तर दोरी घेऊन, मागून नवरा. शेवटी सासरे आले. “माझ्यामुळे,” एवढंच म्हणाले आणि पक्कड शोधायला गेले.

भट्टीचं दार उघडलं. सुनेने दोन स्वेटर घातले, त्यावर नवऱ्याचा रेनकोट, डोक्यावर सासऱ्यांची कानटोपी, आणि भट्टीसमोर दोरीउड्या सुरू केल्या. टप टप टप टप. दोन मिनिटांत चेहरा लाल, पाच मिनिटांत रेनकोटाच्या बाहीतून धार. दुपारचे पाव घ्यायला आलेली गिऱ्हाइकं काउंटरवरून वाकून बघायला लागली.

“हे काय चाललंय?” शिंप्याने विचारलं.

“एक किलो दोनशे काढायचंय,” नवरा म्हणाला.

“कशातून?”

“बायकोतून.”

मग गिऱ्हाइकांनीच उड्या मोजायला सुरुवात केली. चारशेला कुणीतरी चुकलं, त्यावरून भांडण लागलं, आणि पुन्हा तीनशेपासून मोजायचं ठरलं. सुनेला काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत होतं त्याला हसू येत होतं. पाय हलके झाले होते. डोक्यात गरम हवा भरून आपण आता भट्टीच्या धुराड्यातून वर निघून जाणार असं तिला वाटायला लागलं.

मागच्या खोलीत सासरे काट्यापुढे उभे होते. बापाने लावलेला तुकडा, कधी हात लावला नव्हता. पक्कड खाली ठेवून त्यांनी हात जोडले. मुलाकडून सगळं ऐकून सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“त्यांनी गिऱ्हाइकासाठी लावला,” सासूबाई म्हणाल्या. “घरच्या लेकीसाठी काढला तर रागावतील होय?”

सासऱ्यांनी पक्कड लावली. टक् असा आवाज झाला आणि तुकडा त्यांच्या तळहातावर पडला. त्यांनी तो सासूबाईंना दिला. “नीट सांभाळ.”

पाऊण तासाने सून काट्यावर उभी राहिली, आता खऱ्या काट्यावर. सत्तावन्न सातशे. पुन्हा भट्टी. मग सत्तावन्न चारशे. मास्तर कापडाने अंग पुसून घ्यायला सांगत, थोडं बस म्हणत, तोंडाकडे बघत. चक्कर येतेय का, विचारत. “येतेय,” ती म्हणाली, “पण छान येतेय.” मास्तरांनी पाच मिनिटं सक्तीने सावलीत बसवलं. मग पुन्हा. सत्तावन्न दोनशे.

सासूबाई कात्री घेऊन आल्या. “केस कापू का?”

“आई, केसांचं असं वजन ते किती!”

“तुझ्या? भरपूर. गेल्या आठवड्यात न्हाणीघराची मोरी तुंबली होती.”

कात्री लागली नाही. दोन वाजायला दहा कमी असताना दांडी सत्तावन्नावर मधोमध थांबली, आणि गिऱ्हाइकांनी असा गलका केला की काउंटरवरची बिस्किटांची बरणी पडली. कुणी उचलली, कुणी खाल्ली, कुणाला पर्वा नव्हती. सासूबाईंनी घाईघाईने तिचे ओले केस ओढून घट्ट वेणी घातली, शेवटाला जाड गाठ मारली, आणि वेणीवर थोपटून म्हणाल्या, “आता काही होत नाही.” त्याही व्हॅनमध्ये चढल्या. स्वयंपाकघरातला गॅस बंद केलाय का, हे निम्म्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं. केला होता, देवाच्या कृपेने.

दोन वाजून आठ मिनिटं. इलेक्ट्रॉनिक काटा. सून चढली आणि श्वास सोडून दिला, श्वासालाही वजन असेल म्हणून.

सत्तावन्न किलो, दहा ग्रॅम.

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “दहा ग्रॅम जास्त.”

“दहा ग्रॅम म्हणजे काय!” मास्तर जवळजवळ रडले. “एक घोट थुंक पोरी, थुंक!”

“तोंड कोरडं आहे, मास्तर!”

“काट्यावर सत्तावन्न होतं,” सासरे पुटपुटले. “आता तर खरा होता. आता काय राहिलं?”

तेव्हा सासूबाई “अगं बाई!” म्हणून एवढ्या जोरात किंचाळल्या की निळ्या बुटांची मुलगीही दचकली. पुढे होऊन त्यांनी सुनेची वेणी धरली, शेवटची जाड गाठ सोडली आणि त्यातून शिशाचा तुकडा काढला. “नीट सांभाळ म्हणालात ना! मला वाटलं, मोठ्यांचा आशीर्वाद आहे, तिच्याजवळच असू दे!”

काट्यावरचा आकडा थरथरला. थोडासा खाली उतरला. सत्तावन्न किलो शून्य ग्रॅमवर स्थिरावला.

“हे काय आहे?” बाईंनी तुकड्याकडे बोट दाखवून विचारलं.

“आजोबांची पुण्याई,” नवरा म्हणाला.

“मग ती पर्समध्ये ठेवा,” बाई म्हणाल्या आणि कागदावर सही केली. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, असं सासूबाई शपथेवर सांगतात.

रात्रभर पाणी, भाजीचं सूप आणि झोप. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये बेकरीची निम्मी गिऱ्हाइकं होती. निवेदकाने ओरडून नाव पुकारलं: “भट्टीची वाघीण!” सासरे शेजारच्या शिंप्याला म्हणाले, “आमच्या भट्टीत वाघ कधी होता?” सासूबाईंनी त्यांना गप्प केलं आणि दोन्ही पोरींसाठी डोळे मिटले.

चार फेऱ्या झाल्या. पहिली निळ्या बुटांची होती, यात वाद नाही. ती मुलगी वाऱ्यासारखी आली आणि हिच्या नाकावर तीनदा वाजवून गेली. दुसऱ्या फेरीत सुनेला आठवलं की आपल्याला पळायचं नाहीये, मळायचंय. मग ती पाय रोवून उभी राहिली आणि खांद्यातून, मनगटातून, चाळीस किलोच्या सवयीने ठोसे टाकायला लागली. नाकातून रक्त आणि तोंडभर हसू. मास्तर कोपऱ्यातून ओरडत होते, “हसू नकोस, दात झाक!” चौथ्या फेरीची घंटा झाली तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून उभ्या होत्या, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

तिघा परीक्षकांपैकी एकाने हिला जास्त गुण दिले, एकाने तिला, आणि तिसऱ्याने दोघींना सारखे. लढत बरोबरीत सुटली. पंचांनी दोघींचे हात एकदम वर केले.

“म्हणजे दांडी मधोमध,” सासरे म्हणाले आणि उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. वाजवतच राहिले. शेवटी नवऱ्याने त्यांना खाली बसवलं.

बेकरीत परतल्यावर सुनेचं नाक बटाट्याएवढं झालं होतं आणि तिला जमिनीवर पाय ठरत नव्हते. सासरे मागच्या खोलीत पक्कड आणि शिशाचा तुकडा घेऊन उभे होते.

“सूनबाई, पुढचं बोलू म्हणालो होतो. तर बोल. पुढची कधी?”

“मास्तर म्हणतात दोन महिन्यांनी. मळणीचं काय करायचं, बाबा?”

 सासरे कोपऱ्यातल्या यंत्राकडे गेले, एकेक करून बिस्किटांचे डबे खाली उतरवले, बारदान ओढून काढलं आणि जोरात झटकलं. सगळ्यांना शिंका आल्या. “पाव कसा होतो बघू,” म्हणाले. “वाईट झाला तर तुला बोलावीन.” मग हातातला तुकडा दाखवून, “आणि हा? पुन्हा बसवला तर तुझं वजन पुन्हा खोटं.”

“बसवा,” ती म्हणाली. “पोतं आधीचं आहे, मी नंतर आले. मी तेवढं मिळवून वाचीन.”

तुकडा जागेवर बसला. सासऱ्यांनी भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं: सुनेला अधिक एक किलो दोनशे. तोवर भट्टीतून संध्याकाळचा पहिला ट्रे निघाला होता. सुनेने दोन महिन्यांत पहिल्यांदा नाकाला फडकं बांधलं नाही, तसंही नाकाने काही कळत नव्हतं. दोन्ही हातांत गरम पाव घेऊन ती थेट काट्यावर चढली.

“वाचा, बाबा!”

सासऱ्यांनी चष्मा लावला. ती खात होती, दांडी वर जात होती आणि ते माप सरकवत एकेक आकडा गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचत होते. पाचव्या पावाला सासूबाई म्हणाल्या, “पुरे आता.” सहावा त्यांनीच आणून दिला.